समुद्राकडची अवंती

रुक्मिणी: मग तू काय म्हणालीस तिला?

जया: काही नाही म्हटलं, वन्सं. मला वाटलं, बाईची काहीतरी गफलत होतेय. आम्ही रिक्षातून उतरलो, सामान खाली ठेवलं, आणि ती अंगणात उभी राहून माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लेक नाय आली?"

रुक्मिणी: कुणाची लेक?

जया: आमची.

रुक्मिणी: जया, मुळापासून सांग बघू. जगू तलावावरून येईल इतक्यात. माझा भाऊ असला तरी त्याच्यासमोर मला काही विचारता यायचं नाही. ही बाई कोण?

जया: कल्पनावहिनी. रघुजींची बायको. ते नाही का, गुहागरच्या खाली समुद्रावर राहतात. दिवाळी आटोपली की हे आठवडाभर मासे पकडायला जातात ना, ते त्यांच्याचकडे.

रुक्मिणी: हो, आणि परत येताना तो थर्माकोलचा डबा. तुमची गल्ली नाकाला पदर लावते.

जया: तेच. कंपनीनं यांना पूर्वी कधी चिपळूणकडे मशीन बसवायला पाठवलं होतं. रविवारी सुट्टी, म्हणून हे समुद्र बघायला गेले. रघुजी खडकावर गळ टाकून बसले होते, त्यांनी यांच्या हातात एक दोरी दिली. तेव्हापासून हे दर वर्षी जातात. रिटायर झाल्यावरही सुटलं नाही. यांना सगळ्यांना आपल्याकडच्यासारखं भिया, म्हणजे भैया, म्हणायची सवय, आता रघुजीपण यांना भिया म्हणतात.

रुक्मिणी: आणि तू कधी गेली नाहीस.

जया: कधीच नाही. यंदा ते हृदयात स्टेंट टाकलं ना, इंदूरचे डॉक्टर म्हणाले, जा, पण एकटे नको. मी म्हटलं, मी येते. तर यांची टाळाटाळ सुरू झाली. खोली लहान आहे, न्हाणीघर बाहेर आहे, तुला वास सहन व्हायचा नाही. मला वाटलं, माझा खयाल करतायत. मी म्हटलं, राहीन मी. पूर्ण प्रवासात खिडकीबाहेर बघत होते.

रुक्मिणी: बरं. आणि ती बाई लेक कुठाय म्हणाली. तेव्हा हा कुठे होता?

जया: तिथेच, खाली बसून गळांच्या पिशवीची गाठ सोडत होते. गाठ सुटली होती, तरी सोडतच राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला सुट्टी नाही मिळाली."

रुक्मिणी: तिला म्हणजे?

जया: अवंतीला.

रुक्मिणी: हळू बोल.

जया: घरात कोणी नाही, वन्सं.

रुक्मिणी: माहीत आहे. तरी हळू. किती वर्षांनी हे नाव ह्या घरात ऐकतेय मी. दुसरीतली पोर गं ती. तापात इंदूरला नेताना तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिला कसली सुट्टी?

जया: बँकेची. ती पुण्याला बँकेत आहे.

रुक्मिणी: देवा रे.

जया: मला तरी काय कळत होतं? कल्पनावहिनीनं आम्हाला जेवायला वाढलं, आणि वाढता वाढता एकेक काढत गेली. पहिल्या वेळी बँकेची परीक्षा राहिली तेव्हा पोर किती रडली असेल. आता पुण्याचं जेवण रुचतं का. स्कूटीवरून पडली होती, तो कोपर थंडीत दुखतो का अजून. केस कापून आली तेव्हा भाऊ, म्हणजे हे, दोन महिने तिच्याशी बोलले नाहीत म्हणे, खरं का. मी आपली "हो, हो" करत जेवत होते. वन्सं, माझ्याच मुलीचं सगळं, आणि त्यातलं मला काहीच पता नाही.

रुक्मिणी: तू तिथल्या तिथे ताट सरकवून उठायचं होतंस. सांगायचं होतंस, बाई, आमची मुलगी नाही.

जया: मनात आलं होतं. पण ती इतक्या मायेनं विचारत होती. आणि यांच्याकडे बघितलं तर हे मान खाली घालून माशाचे काटे काढत बसलेले. काढलेले काटेच परत उलटेपालटे करत होते. मला त्यांच्या तबीयतीची धास्ती वाटली. म्हटलं, खोलीत गेल्यावर विचारू. खोलीत गेले तर हे भिंतीकडे तोंड करून, हातात औषधाची गोळी धरून बसलेले. मी पाणी दिलं. बस. त्या दिवशी काही विचारलं नाही.

रुक्मिणी: मग कधी विचारलंस?

जया: सांगते ना. सकाळी ओहोटी लागली की हे खडकांवर जायचे. मीपण मागोमाग. ते खडक म्हणजे एकदम काळे, वर हिरवं शेवाळ. यांनी माझ्यासाठी गोणपाट अंथरलं. गळाला कोळंबी लावायची, शिसं बांधायचं, आणि दूर फेकायचं. मग तंगूस बोटावर धरून बसायचं. तंगूस म्हणजे ती नायलॉनची बारीक दोरी. मासा चारा नुसता चाखत असला तरी बोटाला कळतं, म्हणाले. एवढंच बोलले. मी पण बसून होते. पहिल्या दिवशी फक्त एक केंड लागला. तो मासा बाहेर काढला की पोटात हवा भरून चेंडूसारखा फुगतो. विषारी असतो. यांनी अलगद गळ सोडवला आणि त्याला पाण्यात ठेवलं. तो तसाच फुगलेला, पालथा, लाटेवर डुगडुगत किती वेळ तिथेच फिरत होता.

रुक्मिणी: मला मासळीचं नको सांगू. पोरीचं सांग.

जया: तेच सांगतेय. दुसऱ्या दिवशी काहीच लागलं नाही. आम्ही दोघं बसायचो तर आमच्यामध्ये जागा सुटलेली असायची. एका माणसाची. कोणी ठरवून सोडली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी गोणपाट ओढून जवळ बसले, तर थोड्या वेळानं हे सरकले. परत तेवढीच जागा.

रुक्मिणी: अगं बाई.

जया: त्याच्या पुढच्या सकाळी मी विचारलं. भांडायचं ठरवून गेले होते, वन्सं. रात्रभर शब्द जुळवले होते. पण तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, "तिला चष्मा कधी लागला?"

रुक्मिणी: असं विचारलंस?

जया: हो. कल्पनावहिनी बोलता बोलता म्हणाली होती चष्म्याचं. हे समुद्राकडे बघत म्हणाले, "नववीत." आणि रडायला लागले. हातातली दोरी नाही सोडली, तशीच बोटावर धरून.

रुक्मिणी: जगू रडला?

जया: मग सगळं बोलले. म्हणाले, त्या पहिल्या वेळी, ती जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा रघुजींनी सहज विचारलं, मुलं किती. हे म्हणाले, एक मुलगी. खोटं नव्हतं ते, मुलगी होतीच की. रघुजींनी विचारलं, कितवीत? हे म्हणाले, दुसरीत. तेही खोटं नाही. बस, तेवढंच. पुढच्या वर्षी गेले तर कल्पनावहिनी म्हणाली, मग आता तिसरीत गेली असेल. यांनी मान हलवली. म्हणाले, "जया, पुढचं मी काही केलं नाही. ते विचारत गेले आणि ती वाढत गेली."

रुक्मिणी: खोटं ते खोटंच. मेलेल्या लेकराच्या नावानं असं करू नये. त्याचा जीव अडकून पडतो.

जया: मला राग आला होता, पण तुमच्यासारखा नाही. मी म्हटलं, तुम्हाला इतकी वर्षं मिळाली तिच्याबरोबर. दहावी, बारावी, कॉलेज. मला ती सात वर्षांचीच राहिली. समुद्रावर एवढी मोठी केलीत, तर एकदा तरी घरी का नाही आणलीत?

रुक्मिणी: काय म्हणाला?

जया: म्हणाले, घरात तिचं नाव चालत नव्हतं.

रुक्मिणी: त्यात कोणाची हौस होती का? नाव ऐकलं की तुझी दातखीळ बसायची. न्हाणीत पडलीस, कपाळ फुटलं. डॉक्टरच म्हणाले, काही दिवस आठवण काढू नका.

जया: मला माहीत आहे, वन्सं. मी कोणाला बोल लावत नाही. काही दिवस म्हणाले होते ना डॉक्टर, ते काही दिवस संपलेच नाहीत, एवढंच.

रुक्मिणी: हं. पुढे?

जया: बांगड्या. ह्या बघा, हिरव्या. दर वर्षी आणतात ना समुद्रावरून.

रुक्मिणी: मग?

जया: त्या माझ्यासाठी नव्हत्या. कल्पनावहिनी दर वर्षी अवंतीसाठी द्यायची. माप विचारून. लहान होती तेव्हाच्या बांगड्या हे येताना भरूचच्या पुलावर गाडीच्या खिडकीतून नर्मदेत सोडायचे. मग एका वर्षी यांना वाटलं, आता तिचा हात जयाएवढा झाला असेल. तेव्हापासून मला आणायला लागले. इतकी वर्षं मी तिच्या बांगड्या घालतेय, आणि म्हणतेय, यांना बघा बायकोची किती आठवण.

रुक्मिणी: काढून ठेव त्या.

जया: नाही काढवत.

रुक्मिणी: जया, माझं ऐक. हे बरं नाही. तू पण त्यात ओढली जाशील.

जया: गेलेच होते. त्या दिवसानंतर आम्ही खडकावर दुसरं काही बोललोच नाही. मी विचारायची, हे सांगायचे. तिला खेकड्यांची भीती, पण कालवण आवडतं. डावखुरी आहे, ती तर होतीच. आणि मासे, काय सांगू, आधी दोन दिवस खाण्याजोगा एक लागत नव्हता, आता चारा लावायची फुरसत नाही. पालू, शिंगाळे, एक मोठा गोबरा. टोपली भरायची. हे म्हणायचे, बघ, तुझा पायगुण. मला मात्र त्या माशांकडे बघवायचं नाही. टोपलीत तोंडं उघडी, कुणीतरी बोलता बोलता थांबल्यासारखी.

रुक्मिणी: पुरे.

जया: एकदा परत येत होतो. हे पुढे, मी मागे. उतरताना मी मागे वळून म्हटलं, "सांभाळून ये, शेवाळ आहे." वन्सं, मागे कोणी नव्हतं. माझ्याच तोंडून निघून गेलं. यांनी ऐकलं. थांबले, वळले, आणि आधाराला हात पुढे केला. माझ्याकडे नाही. माझ्या मागे. मी तो हात धरला नाही. माझा नव्हता तो.

रुक्मिणी: थांब जरा. पाणी पी.

जया: आता मुख्य राहिलंय. शेवटच्या आधीच्या दिवशी रघुजी यांना होडीतून घेऊन गेले. समुद्र एकदम शांत होता. मी कल्पनावहिनीबरोबर पडवीत कोळंबी सोलत होते. ती म्हणाली, एक विचारायचं होतं, आई म्हणून तुम्हालाच विचारते. तिच्या बहिणीचा मुलगा, राजवर्धन नाव. चिपळूणला वीज मंडळात इंजिनीअर आहे. तिनं फोनवर फोटो दाखवला. चांगला आहे मुलगा. शांत चेहऱ्याचा. म्हणाली, भाऊंच्या तोंडून पोरीचं इतकं ऐकलंय की बहिणीला मी कधीपासून सांगून ठेवलंय, पोरगी बघायची तर तीच. लहानपणीचा फोटो भाऊंच्या पाकिटात बघितलाय, आता मोठेपणीचा एक द्या.

रुक्मिणी: तेव्हा तरी सांगितलंस ना?

जया: तोंड उघडलं होतं सांगायला. "ती नाही" एवढे दोन शब्द. पण एकदा आणली ना तिला इंदूरहून, पांढऱ्या कपड्यात. माझ्या तोंडानं परत मारवेना. मी म्हटलं, "तिला विचारून सांगते."

रुक्मिणी: जया.

जया: हो. असं म्हटलं मी. आणि इतक्यात होडी आली. यांनी तांबोशी पकडली होती, लालभडक, माझ्या हाताएवढी लांब. तंगुसानं यांचा तळवा कापला होता, रक्त निघत होतं, आणि हे हसत होते. असं हसताना मी यांना कधी बघितलं होतं ते आठवत नाही. रघुजींनी मासा हातात देऊन यांचा फोटो काढला आणि म्हणाले, भिया, पाठवा लेकीला. हे फोन घेऊन जरा बाजूला गेले, काहीतरी टाइप केलं. माझा फोन वाजला. तो फोटो होता. खाली लिहिलं होतं, "बघ, बाबांनी काय पकडलं."

रुक्मिणी: तुला पाठवला.

जया: दुसऱ्या कुणाला पाठवणार? कल्पनावहिनीनं त्या तांबोशीचा मधला तुकडा तळून बांधून दिला. लेकीला द्या म्हणाली. गाडीत आम्ही तो निम्मा निम्मा खाल्ला. गिळवत नव्हता आणि टाकवतही नव्हता.

रुक्मिणी: आणि तो स्थळाचा विषय?

जया: घरी आल्यावर यांना सांगितला. मला वाटलं, घाबरतील. तर हे विचार करायला लागले. म्हणाले, तिला एवढ्यात नको असेल. मग दोन दिवसांनी म्हणाले, मुलगा चांगला आहे, पण पुण्याची नोकरी ती सोडेल का? आणि मी म्हटलं, बदली मागता येते. वन्सं, मी म्हटलं ते. स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता. मग मला भीती वाटली. तिकडे एक खरोखरचा मुलगा आहे. त्याची आई वाट बघतेय. कल्पनावहिनीचा एक दिवसाआड फोन, फोटो काढला का, फोटो काढला का.

रुक्मिणी: मग?

जया: परवा हे टेकडीवर माताजीच्या दर्शनाला गेले होते. मी फोन लावला आणि सांगून टाकलं.

रुक्मिणी: सगळं?

जया: सगळं कुठलं. म्हटलं, "वहिनी, अवंती नाही. कधीची गेली." तिनं एवढंच विचारलं, "कधी?" मी म्हटलं, "दुसरीत होती." मग नुसता समुद्राचा आवाज येत होता. आणि फोन बंद झाला. मी परत लावला, उचलला नाही. काल लावला, उचलला नाही. फसवलं म्हणत असतील आम्हाला. म्हणू देत. पण यांना पता नाही, वन्सं. यांना वाटतंय, ती अजून आहे तिकडे. कालच नवे गळ आणलेत.

रुक्मिणी: म्हणून त्याला घेऊन माझ्याकडे आलीस.

जया: एकटीला सांगवत नाही. डॉक्टर म्हणालेत, धक्का नको. जी एक जागा होती तिच्यासाठी, ती मीच बंद केली. हे त्यांना कसं सांगू?

रुक्मिणी: तू नको सांगू. मी थोरली आहे, मी सांगते. आधी त्याला चहा देऊ, गोळी घेतली का बघू, आणि मग... आला वाटतं. डोळे पूस.

(दार लोटून जगदेव आत येतो, चपला उंबऱ्याबाहेर काढून ठेवतो.)

जगदेव: मुंज तलावात पाणी बरंच आहे यंदा, आक्का.

रुक्मिणी: बस. चहा टाकते.

जगदेव: थांब. रघुजीचा फोन आला होता.

जया: काय म्हणाले?

जगदेव: मीच विचारलं, समुद्र कसा आहे. म्हणाला, ठाऊक नाही, होडी ओढून ठेवलीय परवापासून. मी म्हटलं, का भिया, वारं सुटलंय का? तर म्हणाला, नाही. घरात सुतक आहे.

जया: अहो...

जगदेव: मी विचारलं, कुणाचं. तर कल्पनावहिनीनं फोन घेतला. नुसती रडत होती. मग कळलं मला.

जया: मी सांगितलं त्यांना.

जगदेव: हो.

जया: रागावलात?

जगदेव: नाही. बराच वेळ पायरीवर बसून ऐकत होतो. तिच्यासाठी कुणी एवढं रडलेलं मी ऐकलं नव्हतं, जया. तेव्हा जो यायचा तो म्हणायचा, सावर, सावर. रडायचं राहूनच गेलं सगळ्यांचं.

रुक्मिणी: छातीत काही होतंय का तुझ्या?

जगदेव: नाही, आक्का. दुखत नाही. रिकामं वाटतंय, पण दुखत नाही.

रुक्मिणी: मग इथे ये. माझ्याजवळ बस. जया, तूही ये.

जगदेव: बोल.

रुक्मिणी: मी अवंतीला दुसरीपर्यंतच बघितली रे. पुढे कशी झाली, मला कुणी सांगितलं नाही. मोठेपणी कशी दिसायची?

जगदेव: उंचीनं तुझ्यावर गेली, आक्का.